सात रेघांचं हाड घेऊन जतपर्यंत

सुटी लागली की आमचे शिक्षक मित्र महाबळेश्वरला जातात, फार तर कोकणात उतरतात. मी यंदा डिसेंबरच्या सुटीत एक हाड कोटाच्या खिशात घालून साताऱ्याहून जतपर्यंत जाऊन आलो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, आणि खाटकाचं दुकान दिसलं की मी आजवर रस्त्याची पलीकडची बाजू धरत आलो. तेव्हा हे लचांड माझ्या गळ्यात कसं पडलं, ते आधी सांगायला हवं.

आमच्या गल्लीत अण्णा राहतात. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नऊ वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या काठी एका बांधकामाचा पाया खोदताना त्यांना जुनी पांढर लागली. पांढर म्हणजे मोडून गेलेल्या वस्तीची राखाडी माती. तिच्या अगदी तळाशी जनावरांची हाडं होती आणि गारेच्या कपच्या होत्या, चकमकीच्या दगडाच्या, अजून बोट कापेल अशा. मजूर ते सगळं नदीत लोटत होते. अण्णांनी पोत्यात भरून घरी आणलं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही.

त्यांचं म्हणणं असं, की हाताशी लोखंड येण्याच्या आधी इथे माणसं राहत होती आणि याच कपच्यांनी जनावरं कापून खात होती. पुरावा म्हणजे शेळीच्या तंगडीचं एक हाड. त्याच्या एका टोकाजवळ ओळीने सात आडव्या रेघा आहेत. दगडी सुरीचे सात घाव, असं अण्णा म्हणत. मी त्या हाडाची चित्रं इतक्या वेळा काढली आहेत, की आता डोळे मिटूनही काढीन.

अण्णांनी पुण्याच्या एका विद्वान गृहस्थांना टिपण पाठवलं. उत्तर आलं, सभ्य आणि नेमकं. आजच्या सुरीची हाडावर काय खूण उमटते आणि दगडाची काय उमटते, हे शेजारी ठेवून दाखवा, नाहीतर या नुसत्या रेघा. अण्णांना ते पटलं, पण अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलेलं आणि दुसरा डोळा रोज थोडाथोडा विझत चाललेला. "मला थोडंफार दिसतंय तोवर हा निकाल लागू दे रे," ते मला म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, त्याने एवढं मागितल्यावर नाही कसं म्हणणार?

जाणाऱ्यांसाठी सांगतो. साताऱ्याहून सातारा रोड स्टेशनपर्यंत मोटार आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. लढाईमुळे पेट्रोलची टंचाई आहे, ते मिळालं तर ती येते. मी पहाटेच टांगा केला. टांगेवाला सुरुवातीला जे मागतो त्याच्या निम्म्यावर येतो, मात्र वाटेत घोड्याच्या तब्येतीचं पुराण ऐकावं लागतं. गाडी लष्करातल्या रजेवरच्या जवानांनी भरलेली होती. मी कऱ्हाडपर्यंत एका पायावर उभा होतो, दुसरा पाय कुणाच्या तरी ट्रंकेवर.

कऱ्हाडचं स्टेशन गावापासून लांब आहे. जिल्ह्यातले दिवस धामधुमीचे, त्यामुळे फाटकाशी पोलीस पिशव्या तपासत होते. माझ्या पिशवीत एक भिंग, गारेच्या कपच्या आणि लाल-निळ्या दोऱ्याची रिळं. खिशातली डबी उघडली तर कापसात हाड.

"हे काय हाय?" शिपायाने विचारलं.

"शेळीचं हाड. फार जुनं आहे. ती कशाने कापली, ते शोधायचं आहे."

त्याने हाडाकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं. "फिर्याद कुणाची?"

"एका ओव्हरसियरची."

"मग जावा," तो म्हणाला आणि मागच्याला हात करता करता मला ऐकवलं, "लय दिवस लावलं गड्या फिर्याद द्यायला!" मागची सगळी रांग हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

टांग्याने नदीवर गेलो. अण्णांना पांढर लागली तिथल्या बांधकामाभोवती आता गवत वाढलेलं आहे, पाहण्यासारखं काही नाही. पाणी मात्र स्वच्छ, आणि वाळवंटात गारगोट्या हव्या तितक्या. मी चार-पाच चांगल्या निवडून पिशवीत टाकल्या. मलकापूरला एका खानावळीत जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी आणि वर गुळाचा चहा. साखर रेशनवर आहे, पण या भागात गुळाला तोटा नाही, तेव्हा साखरेची पुडी बाळगण्याचे कष्ट घेऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरलो. तिथून सांगलीच्या वाटेवर विश्रामबागेत माझी मावशी राहते. घर नवं, भोवती मोकळी रानं, मागे गोठा. मावशीला मी सांगितलं की चित्रांच्या कामाला आलोय. ते खोटं नव्हतं. मग सांगलीच्या मटण बाजारात जाऊन तीन दुकानांपुढून तीनदा गेलो, आणि चौथ्या खेपेला एका म्हाताऱ्या खाटकानेच हाक मारली.

"आवं मास्तर, घ्याचं असंल तर घ्या. लाजताय कशापायी?"

त्यांचं नाव गणूतात्या. मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, कोण जाणे. बहुधा छत्रीवरून. मला मटण नको, हाडं हवीत, असं मी सांगितलं.

"रश्श्याला?"

"नाही. बघायला."

"बघायला?" तात्यांनी सुरी खाली ठेवली. "लोक मटाण बघून घेत्यात. हाडं बघणारं गिऱ्हाईक आजच आलं."

तरी त्यांनी मला बाकड्यावर बसवलं. पहिल्यांदा मी मान फिरवली. मग मुलांच्या वहीत डोकावायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांनी दगा दिला आणि मी त्यांचा हात बघत राहिलो. हात इतका सावकाश चालत होता, की तो काही कापतोय असं वाटेचना. सुरी सांध्यात शिरे, थोडी वळे, आणि तंगडी आपोआप सुटून येई. मोठी हाडं फोडायला शेजारी सत्तूर होता, पण तो शेवटी. अर्ध्या तासात त्यांनी माझ्यापुढे सहा हाडं ठेवली. मी भिंग लावलं. एकावरही रेघ नव्हती.

"तात्या, सुरीची खूण कुठे आहे?"

तात्या एकदम गंभीर झाले. "हाडाला सुरी लागली की माझा बा मनगटावर रट्टा द्यायचा. धार मरती, मास्तर. सुरी हाडाच्या कडंकडंनं जाती आन मास सोडवून भाईर येती. हाडाला कळायबी न्हाई पायजे."

मी म्हणालो, मला खूण असलेलं हाड हवंय, तुम्ही मुद्दाम थोडं चुकवाल का? हे विचारताना आपण काय विचारतोय ते मला कळलं नव्हतं. तात्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पन्नास वर्षं बसलेल्या हाताला मी चुकायला सांगत होतो, तेही भर बाजारात. मी घाईघाईने अण्णांची सगळी गोष्ट सांगितली, डोळ्यांचीही. तात्यांनी ऐकून घेतलं. मग दुकानापुढचं गोणपाट खाली सोडलं, एक हाड घेतलं, त्यावर सुरीने तीनदा ओढलं आणि माझ्याकडे न बघता पुढे केलं.

"हे गणू खाटकाचं हाड हाय म्हून कुणाला दावू नगा," ते म्हणाले.

इथे लिहितो आहे, पण तात्या हे वाचणार नाहीत आणि तुम्ही त्यांना सांगणार नाही, असं धरून चालतो. लोखंडाची रेघ अरुंद होती, खोल आणि तळाशी निमुळती. मी सगळ्या हाडांना लाल दोरा बांधला, वहीत प्रत्येकाचं वर्णन लिहिलं. संध्याकाळी विश्रामबागेकडे चालत येताना एक विचार मला सोडेना. जुन्या हाडांवर आपल्याला जे सापडतं ते चुकलेल्या हाताचं, घाईतल्या हाताचं. त्या पांढरीत जो सगळ्यांत चांगला कापणारा असेल, त्याने आपल्यासाठी काहीच ठेवलेलं नसणार. मला त्या माणसाबद्दल उगाच वाईट वाटलं.

दगडाच्या खुणेसाठी जतला जा, असं तात्यांनीच सुचवलं. त्यांना मेंढरं देणारा बिराप्पा नावाचा धनगर तिथे होता. काड्यापेट्या मिळत नाहीत म्हणून तो अजून चकमकीवर विस्तव काढतो, त्याला गारेची जाण आहे, असं तात्या म्हणाले.

मिरजेहून जतला जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. मागे शेगडीसारखं पिंप असतं, क्लीनर त्यात सळी घालून निखारे ढवळतो आणि चढ आला की सगळ्यांना उतरायला लावतो. पांढरे कपडे घालून जाऊ नये. मी गेलो आणि करडा होऊन उतरलो. कवठेमहांकाळ सोडलं की झाडं विरळ होत जातात, आणि जतजवळ तर ज्वारीची ताटंही गुडघ्याएवढीच. दुकानावर लोक निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतात. पाणी मागितलं की आधी गूळ देतात, मग पाणी, आणि पाणी अर्धाच तांब्या. कुणी त्याबद्दल बोलत नाही.

बिराप्पाचा मेंढरांचा वाडा गावाबाहेर दोन कोसांवर. त्याच्या नातवाचं बारसं होतं, त्यामुळे मेंढरू कापायचंच होतं. "बर्री, बर्री, बसा," असं कानडीत या-या करत त्याने घोंगडं टाकलं. मी त्याच्यापुढे कृष्णेच्या गारगोट्या ठेवल्या आणि अण्णांच्या कपच्याही. त्याने त्या हातात फिरवल्या.

"ह्या कुणी फोडल्या?"

"फार जुन्या आहेत. कुणी ते माहीत नाही."

"चांगला फोडलाय गड्यानं," बिराप्पा म्हणाला. मग माझी एक गारगोटी मांडीवर धरून त्याने दुसऱ्या दगडाचा एकच ठोका दिला. सुटलेली कपची अण्णांच्या कपचीशेजारी ठेवली तर मला त्यांतली नवी कुठली, हे लगेच ओळखता आलं नाही.

सुरी बाजूला ठेवून त्याने एक मागची तंगडी त्या कपचीने सोडवली. वेळ लागला, दोनदा कपची बदलली, आणि दगड हाडावरून घसरत राहिला. त्याची बायको भाकऱ्या थापत हे सगळं बघत होती. ती शेवटी म्हणाली, "आवं, तुमी खाणार न्हाई, मग असलं कापाया कशाला सांगताय?"

एका म्हाताऱ्या माणसासाठी, एवढंच मी म्हणालो. तिला ते पुरलं असावं. तिने माझ्यासाठी बाजूला तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. इतकं चवीचं जेवण मी महाबळेश्वरला कधी जेवलेलो नाही. दगडाची रेघ रुंद निघाली, उथळ, आणि तिच्या पोटात केसासारख्या बारीक रेघा. त्या हाडांना निळा दोरा. मी अण्णांचं हाड मुद्दाम बाहेर काढलं नाही. त्यांच्यासमोरच काढावं, असं ठरवलं होतं.

परत विश्रामबागेत आलो तेव्हा वासाने माझं बिंग फुटलं.

"हाडं?" मावशी ओरडली. "माझ्या उंबऱ्याच्या आत? मेल्या, तुझ्या आईला लिहू का?"

पिशवी गोठ्याच्या मेढीला टांगायची, या बोलीवर मला जेवायला मिळालं. खिशातल्या हाडाबद्दल मी मौन पाळलं. सकाळी उठून मागे गेलो तर पिशवी फाटलेली, आणि रानातली दोन कुत्री उसाच्या पाचटावर बसून माझा पुरावा चावत होती. मी धोतर खोचून, छत्री उगारून त्यांच्यामागे बांधापर्यंत धावलो. निळा दोरा सगळा वाचला होता. तात्यांनी रेघा ओढलेलं धरून लाल दोऱ्याची तीन हाडं मी त्यांच्या तोंडातून सोडवली.

त्यांतल्या एकावर वहीत मी "रेघ नाही" असं लिहिलं होतं. आता तिथे रेघा होत्या. टोकाजवळ, ओळीने, आडव्या. मी तिथेच पाचटावर बसलो, डबी उघडली आणि अण्णांचं हाड शेजारी ठेवलं. भिंगाची गरज नव्हती, तरी लावलं. रुंद पन्हळ, तळ गोल आणि गुळगुळीत, पोटात केस नाहीत. सुरी नाही, दगडही नाही. हाडाच्या टोकाची तशीच झीज. अण्णांच्या सात रेघा दातांच्या होत्या.

मावशी चहा घेऊन आली. माझा चेहरा बघून घाबरली. "काय झालं रे?"

"कुत्र्याने हाड चावलं."

"मग कुत्रं दुसरं काय करणार?" मावशी म्हणाली.

हसायला यायला हवं होतं, पण मला रडू फुटायचं बाकी होतं. मटण शिजणाऱ्या कुठल्याही घरातल्या बाईने ते हाड बघितल्याबरोबर सांगितलं असतं. अण्णांच्या आणि माझ्या घरी दारच्या कुत्र्यापुढे भाकरी आणि ताक याशिवाय कधी काही पडलेलंच नाही. आम्ही दोघं नऊ वर्षं भिंगातून बघत बसलो आणि विचारायला कुणाकडे गेलो नाही.

परतीच्या गाडीत मला खिडकीशी जागा मिळाली, तिचा उपयोग झाला नाही. अण्णांना आता बारीक दिसत नाही. चित्र मीच काढणार होतो. सात रेघांच्या पोटात चार बारीक केस ओढले असते तर अण्णा सुखाने निजले असते, आणि पुण्याचे गृहस्थ काही साताऱ्याला हाड तपासायला येणार नव्हते. कऱ्हाड गेलं, मसूर गेलं, तरी हा विचार गेला नाही. तो माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. आपण कुणावर माया करतो म्हणून त्याला फसवायला निघतो, ही गोष्ट मला त्या गाडीत पहिल्यांदा कळली आणि स्वतःची लाज वाटली.

दुपारी अण्णांकडे गेलो. त्यांच्यापुढे पाटावर चार हाडं ठेवली: लाल, निळं, कुत्र्याचं आणि त्यांचं. अण्णांनी ती डोळ्यांपाशी नेली, मग कंटाळून खाली ठेवली आणि अंगठ्याचं नख फिरवायला लागले. लोखंडाच्या रेघेत नख अडकलं. दगडाच्या रेघेत खरखरलं. तिसऱ्या हाडावरून घरंगळत गेलं. चौथ्यावरूनही तसंच गेलं. ते पुन्हा तिसऱ्यावर आले, पुन्हा चौथ्यावर. मला बघवेना.

"हे तिसरं कुणाचं?"

"मावशीच्या रानातल्या कुत्र्याचं."

त्यांनी स्वतःचं हाड मुठीत धरलं. "नऊ वर्षं," ते म्हणाले. मग पोतं आणायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी एकेक हाड भिंगाखाली धरत गेलो. बरगडीचे दोन बोटभर तुकडे निघाले, आम्ही कधी ढुंकून न पाहिलेले. त्यांवर रुंद, उथळ ओरखडे, पोटात केस. बिराप्पाच्या निळ्या दोऱ्याशी तंतोतंत. पोत्यातल्या सगळ्या हाडांत तेवढेच दोन. मी ते अण्णांच्या हातात दिले. त्यांनी नख फिरवलं, मान हलवली, पण आनंद झाला असं काही दिसलं नाही. प्रेम त्यांचं त्या सात रेघांवर होतं.

"सगळं पाठव," ते म्हणाले. "सात रेघांचं पहिलं. लिही. शेळीच्या तंगडीचं हाड. यापूर्वीच्या टिपणात या रेघा दगडी सुरीच्या म्हटल्या होत्या, ती माझी चूक. रेघा कुत्र्याच्या दातांच्या."

मला गप्प बसता आलं असतं. "अण्णा, कोल्हाही असू शकेल," मी म्हणालो. "दातांवरून ते सांगता येणार नाही."

अण्णांनी मान वर केली. "कुत्रा असेल तर दारात बसून त्याला कुणीतरी हाड टाकलं असणार. जेवण झाल्यावर. कोल्हा असेल तर माणूस नाही, नुसती नदी."

"हो."

"दोन्ही लिही मग. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही."

मी लिहिलं. टाकाचा आवाज थांबल्यावर त्यांनी विचारलं, "काय लिहिलंस, वाच."

"रेघा कोल्ह्याच्या किंवा कुत्र्याच्या दातांच्या."

सात रेघांचं हाड अजून अण्णांच्या हातातच होतं.

"कुत्रा आधी लिही," ते म्हणाले.

मी ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली.